तिसऱ्या शब्दापाशी अडखळणारा समाज



१९५१ साली अन्ना राजम जॉर्ज ही तरुणी भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाली. त्या सेवेतील ती पहिली महिला. तिच्या नियुक्तिपत्रात अट होती : विवाह केल्यास सेवा समाप्त होईल! पुढे ती अट रद्द झाली. याच अन्ना मल्होत्रा यांनी न्हावा शेवा बंदराच्या उभारणीची धुरा वाहिली आणि १९८९ साली त्यांना पद्मभूषण प्राप्त झाले.

परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांना तर सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. विवाहापूर्वी शासनाची लेखी अनुमती घेण्याचे बंधन तेथे केवळ स्त्रियांवर होते. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कठोर ताशेरे ओढले.

नियम गेले; मग अडथळाही गेला काय? महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. त्याला पहिल्या महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, लाभल्या त्या २०२४ साली. मधली चौसष्ट वर्षे काय सांगतात?

आज अडवितो तो लिखित नियम नव्हे, अलिखित संकेत. महिला अधिकाऱ्यास 'झेपेल' असे खाते द्यायचे आणि पुढे महत्त्वाच्या पदाची वेळ आली की 'त्या कामाचा अनुभव नाही' म्हणायचे!

दुसरा अडथळा आपल्याच उंबरठ्याच्या आत आहे. पदोन्नतीबरोबर बहुधा बदली येते. पतीची बदली झाली की बिऱ्हाड हलते. पत्नीची झाली की पदोन्नती नाकारण्याचा अर्ज लिहिला जातो. अर्जात कारण 'वैयक्तिक' असते. वस्तुतः तो निर्णय साऱ्या घराचा असतो. किंमत मात्र तिची एकटीची.

१९३६ साली वर्ध्यात वंदनीय लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. मातृत्व, कर्तृत्व, नेतृत्व हे समितीचे आदर्श. आपण पहिल्या शब्दाला वंदन करतो, दुसऱ्याचे कौतुक करतो आणि तिसऱ्यापाशी अडखळतो. १७६७ ते १७९५ राज्यशकट समर्थपणे हाकणाऱ्या अहल्यादेवींचे आपण वारस, याचे तेव्हा विस्मरण होते.

कुटुंबव्यवस्था हे आपले बळ आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बळ सुनेच्या बदलीच्या दिवशी दिसू द्या. सासऱ्यांनी नातवंडांचा अभ्यास घ्यावा, पतीने स्वयंपाकघर सांभाळावे आणि तिला निश्चिंत मनाने रुजू होऊ द्यावे. लेकीच्या निवडीचे पेढे वाटणाऱ्या घराने सुनेच्या पदोन्नतीचेही वाटावेत. राष्ट्रकार्याचा आरंभ तेथूनच होतो.