नाताळातली सहल आणि एक पायली



गेले चार दिवस या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने ऐकलीत. त्या मानाने आमचा विषय अगदीच घरगुती आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसे एक दिवस सहलीला गेलो, तिची हकीकत सांगावयाची आहे. चालकांना विषय कळवला तेव्हा ते फोनवर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाऊण तास पुरेल ना एवढ्यावर?" आम्ही म्हटले, पुरेल, कारण त्या सहलीला चार महिने होऊन गेले, तरी आमच्या घरात ती अजून संपलेली नाही.

आमच्या लहानपणी नाताळची सुट्टी ही एक बिनकामाची सुट्टी होती. मे महिन्यात आंबे, दिवाळीत फराळ, गणपतीत आरत्या. नाताळात काय, तर आंब्याला मोहोर आला की नाही हे मोठ्यांनी बागेत जाऊन पाहायचे आणि आपण त्यांच्या मागून हिंडायचे. आता मुलगा, सून आणि दोन नातवंडे पुण्याला असतात. त्यांच्या शाळेला ख्रिसमसची म्हणून आठ-दहा दिवस सुट्टी मिळते आणि त्या सुट्टीत 'कुठेतरी' जावेच लागते.

नऊ वर्षांच्या नातवाचे आणि पाच वर्षांच्या नातीचे ते 'कुठेतरी' आधीच ठरलेले होते. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका नावाचे मोठे थीम पार्क निघाले आहे, तिथे. आमच्या चिरंजीवांनाही ते मान्य होते. त्यांच्या लहानपणी मुंबईला गोराईचे एस्सेलवर्ल्ड म्हणजे स्वर्ग होता. १९८९ साली सुरू झालेला तो स्वर्ग २०२२ साली बंद पडला, याचे त्यांना अजून वाईट वाटते. अडचण एवढीच होती की आमच्या मातोश्रींना शहाऐंशी वर्षे पूर्ण झालेली आहेत आणि त्यांना घरी ठेवून सहल करायची नाही, असा सौभाग्यवतींचा हुकूम होता. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "खोपोलीपर्यंत माझी हाडे पोहोचतील रे, मी नाही पोहोचायची." मग तडजोड निघाली. गणपतीपुळ्याला देवळाजवळच 'प्राचीन कोकण' म्हणून उघड्यावरचे संग्रहालय आहे. देवदर्शन, संग्रहालय, समुद्र आणि संध्याकाळी घरी. मुलांना आम्ही सांगितले की हेसुद्धा थीम पार्कच आहे.

हे सांगताना आम्ही फारसे खोटे बोलत नव्हतो. वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले ते १७ जुलै १९५५ रोजी. त्याच्या दारातून आत शिरल्यावर पहिल्यांदा लागतो तो एक जुन्या धाटणीचा बाजाररस्ता. मिसूरी राज्यातल्या मार्सलीन नावाच्या गावी डिस्नेची लहानपणची काही वर्षे गेली होती. त्या गावाची आठवण मनात धरून त्याने तो रस्ता बांधवला. गंमत अशी की घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम लहान मापाने केले आहेत, म्हणजे सगळेच कसे उंच आणि गोजिरवाणे दिसते. त्याच्याही पुष्कळ आधी, १८९१ साली, स्वीडनमध्ये हॅझेलियस नावाच्या गृहस्थाने स्टॉकहोमला स्कान्सेन उभे केले. कारखाने आणि आगगाड्या आल्या, खेड्यातली जुनी रीत मोडू लागली. तेव्हा या माणसाने देशभरातून जुनी घरे उचलून आणून एका टेकडीवर मांडली. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरीच्या मठात पुतळ्यांनी भरलेले अख्खे खेडे आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गणपतीपुळ्याचे 'प्राचीन कोकण' त्याच कुळातले. कोकणातले पाचशे वर्षांपूर्वीचे गावजीवन माणसाएवढ्या पुतळ्यांतून दाखवायचे, आणि बरोबर माहिती सांगणारा माणूस द्यायचा.

सकाळी आठला निघालो. शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे असा किनाऱ्याकिनाऱ्याने पंचवीसएक किलोमीटरचा रस्ता आहे. साखरतरच्या पुलावर आईने नातवाला सांगितले की 'तर' म्हणजे होडीने पलीकडे जायची जागा, आणि त्याने पूल संपेपर्यंत होडी शोधली. आरे-वाऱ्याच्या चढणीवर मात्र पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची अशी रांग लागली होती की आम्हांला आमच्याच जिल्ह्यात पाहुण्यासारखे वाटू लागले. देवळातही तीच गर्दी. देव पश्चिमेकडे तोंड करून समुद्राकडे पाहत बसलेला आहे, म्हणून त्याला या गर्दीचा त्रास होत नसावा. डोंगराची प्रदक्षिणा मुलांनी पळत केली, आम्ही चालत केली आणि आईने हात जोडून केली.

संग्रहालयात शिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. माहिती सांगणारा तरुण चांगला होता. पाठ केलेले बोलतो असे वाटू न देता बोलत होता. सुतार, लोहार, कुंभार असे एकेक करीत बलुतेदारांपाशी आला. म्हणाला, गावात पैसा फारसा फिरत नसे. सुतार नांगर करून देई, लोहार फाळ देई, कुंभार मडकी देई. आणि सुगीला पिकातला वाटा ज्याचा त्याला मिळे, तेच बलुते. भोवती वीसपंचवीस माणसे होती. आमच्या नातवाने शाळेत करतात तसा हात वर केला.

"पण पीक कोणाचं?"

"शेतकऱ्याचं," तो तरुण म्हणाला.

"सगळं?"

तरुण हसला. "थोडं राजाला द्यावं लागे."

आई मागे टेकायला मिळाले तिथे बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "पाचशे वर्षांपूर्वीचं मला ठाऊक नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत विचारशील तर पीक आमचं होतं."

"आमचं म्हणजे?"

"खोताचं. माझे आजोबा खोत होते."

तो तरुण स्वतःचे बोलणे थांबवून आईजवळ येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागून ती वीसपंचवीस माणसेही आली. याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. आई सांगत गेली. तिचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. हेच दिवस, मार्गशीर्ष-पौषाचे. झोडणी-मळणी आटोपली की कुळे भात घेऊन अंगणात येत. आजोबा ओटीवर, कारकून वहीपाशी आणि गडी पायलीने मापायला. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन, चार. "मला ते गाण्यासारखं वाटायचं," ती म्हणाली. "आम्ही पोरं ओटीच्या पायरीवर बसून त्याच्याबरोबर मोजायचो. कुळांच्या बायका अंगणाच्या कडेला उभ्या असत. वर येत नसत."

"मग त्यांना काय उरायचं?" नातवाने विचारले.

"ते मी कधी विचारलं नाही," आई म्हणाली.

तरुण मंडळींसाठी इथे थोडे सांगितले पाहिजे, कारण 'खोत' हे आता त्यांना नुसते आडनाव वाटते. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा आणि त्या बदल्यात कुळांकडून वसूल करणारा. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावे खोती होती. कुळाकडून पिकाचा अर्धा हिस्सा घ्यायचा ते अर्धेल, तिसरा हिस्सा घ्यायचा ते तिर्धेल. त्याशिवाय खोताच्या घरची कामे करायची ती वेठ. इंग्रजांनी १८८० साली खोतीचा कायदा करून या देण्याघेण्याला नियम घातले. त्याने खोती नियमित झाली, गेली नाही. पुढे कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा मालक झाला, निदान कागदावर. या सभागृहात आज शेजारी-शेजारी बसलेल्यांत खोतांचे पणतू असतील आणि कुळांचेही असतील. आपण एकमेकांना ओळखतो ते शाळा, बँक, कचेरी यांमुळे. अंगणातली ती ओळख आपण कोणीच काढत नाही.

असो. जेवणाला मोदक मिळाले. वाळूत उंट उभा होता. नात त्याच्यावर बसून फिरून आली. आई म्हणाली, "प्राचीन कोकण आत राहिलं वाटतं." इमॅजिकाचे नाव दिवसभरात फक्त दोनदा निघाले.

परतताना गाडीत मुले झोपली. आरे-वारे मागे पडल्यावर आमच्या सूनबाई, दिवसभर फारशा बोलल्या नव्हत्या, त्या पुढे वाकून म्हणाल्या, "आजी, ती पायली शीग लावून असायची की सपाट?"

आमची सून लांजे तालुक्यातली, कुणबी कुटुंबातली. तिचे लग्न होऊन बारा वर्षे झाली. त्या वेळी पत्रिका पाहिली नाही, जात विचारली नाही, याचा आम्हांला केवढा अभिमान वाटला होता! गावात चार जणांनी आमचे कौतुकही केले. पण जात विचारायची नाही म्हणून बाकीचेही काही विचारायचे नाही, अशी एक सोयीची रीत आमच्या घरात पडून गेली, हे त्या गाडीत आम्हांला प्रथम कळले.

"का ग?" आईने विचारले.

"माझी आजी सांगते. खोताकडे घालायचं तेव्हा शीग. पावसाळ्यात पोटाला उचल आणायची तेव्हा सपाट, वरून हात फिरवून."

चिरंजीवांनी आरशातून आमच्याकडे पाहिले. सौभाग्यवतींनी खिडकीची काच उगाच खाली-वर केली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शीग आठवते. हात फिरवलेला नाही आठवत." आणि साखरतरचा पूल ओलांडल्यावर, "पण उचल द्यायचे ती कोठारातून. तिथे आम्हा मुलांना जायला बंदी होती."

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी लोखंडी पट्ट्यांची एक लाकडी पायली आहे. आईच्या माहेरचे घर मोडले तेव्हा तिच्या वाट्याला आली. तीत आम्ही कागदाची फुले ठेवली होती. आल्यागेल्यांना ती आवडत. घरी पोहोचल्यावर आईने चहासुद्धा घेतला नाही. नातवाला म्हणाली, "ती फुलं काढ आणि आण इकडे." भात घरात कुठले असायला, म्हणून तांदळाचा डबा काढला. आईने स्वतः जमिनीवर बसून माप भरले. "लाभ," ती म्हणाली आणि नातवाने हसून तिच्यामागून म्हटले. एक माप शीग लावून, दुसरे हात फिरवून सपाट. सूनबाईंनी दोन्ही मापे पातेल्यात ओतून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले. फरक पाव किलोहून थोडा अधिक निघाला. नातवाने लगेच गणित केले की शंभर पायल्यांना पंचवीस किलोंच्या वर होते.

"खंडीला किती?" आईने विचारले.

त्याला खंडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. आमच्या घरात ते तिच्याखेरीज कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तिने आपले आपण बोटांवर धरले, पण आकडा सांगितला नाही. सुनेला म्हणाली, "तुझी आजी आहे ना अजून?"

"आहे. ऐकायला कमी येतं."

"मलाही कमीच येतं. शिमग्याला जाऊ."

शिमग्याच्या सुट्टीत सूनबाई पुण्याहून आल्या आणि आम्ही लांज्याच्या त्या गावी गेलो. आईने पायली पिशवीत घेतली होती. आम्हा पुरुषांना मागील दारी चहा देऊन बसवले आणि त्या दोघी म्हाताऱ्या पडवीत बसल्या. दोघींनाही ऐकू कमी येत असल्यामुळे त्या मोठ्याने बोलत असणार, तरी आम्हांला मागे एकच शब्द दोनतीनदा स्पष्ट ऐकू आला, तो म्हणजे 'कोठार'. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग हसण्याचा आवाज आला. कोणाचा ते कळले नाही.

येताना आईच्या मांडीवर पायली होती, फडक्याने बांधलेली, आणि आत त्यांच्या शेतातले कुळीथ होते. शीग लावून होते असे सूनबाई म्हणतात. आम्ही फडके सोडून पाहिले नाही.