केसपेपरवरची पहिली ओळ
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील मांडणी)



आज बचत-कर्जाचं नाही, आपल्या पाठीचं बोलायचंय. आपल्यातल्या कितीतरी जणी बांधकामावर जातात. विटा-वाळूच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर चढतात.

आपल्या एक ताई अशाच पाटीसकट शिडीवरून पडल्या. ठेकेदार म्हणाला, "दवाखान्यात घरी पडले म्हणून सांगा, खर्च मी बघतो." ताईंनी तसंच सांगितलं. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'घरी पाय घसरून पडल्या.' पुढं ठेकेदार फोन उचलेना. सहा महिने झाले तरी ताईंना हंडा उचलता येईना. भरपाईसाठी कागद जमवायला बसलो, तर पहिलाच कागद आपल्या विरोधात!

कामावरच्या दुखापतीची भरपाई मालकानं द्यायची, हे 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात आलं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. हात, बोट, डोळा गेला तर किती टक्के, याची छापील यादी आहे. पाठ त्या यादीत नाही. म्हणून कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे डॉक्टरांच्या मतावर ठरतं.

त्या टक्क्याची किंमत बघा. वय 40, महिन्याची मजुरी 10,000 रुपये. मजुरीचे 60 टक्के म्हणजे 6,000. त्याला वयाच्या तक्त्यातल्या 184.17 नं गुणायचं. झाले 11,05,020 रुपये. डॉक्टरांनी 10 टक्के लिहिलं तर त्यातले 1,10,502 मिळतात. 40 टक्के लिहिलं तर 4,42,008.

आणखी एक. शरीराचं नुकसान वेगळं आणि कमाईचं वेगळं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद 100 टक्के गेली, हे सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं. म्हणून डॉक्टरांना नुसतं "कंबर दुखते" सांगू नका. "मी पाट्या वाहते, आता वाकता येत नाही, ओझं उचलत नाही," असं सांगा.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

- पहिल्याच दिवशी कुठं, कधी, काय करताना पडलो ते खरं सांगा. केसपेपर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर सखीला न्या.
- मालिश, हाडवैद्य करा, पण दाखला नोंदणीकृत डॉक्टरांचाच लागतो.
- एक्स-रेत चकती दिसत नाही. मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल तर सांगा. गरज असेल तर एमआरआय होईल.
- 'वयोमानानं झीज' लिहिलं म्हणून दावा आपोआप बुडत नाही. कामामुळं दुखणं सुरू झालं की वाढलं, याबद्दलचं मत लेखी मागा.
- मालकानं त्याच्या खर्चानं तपासणीला बोलावलं तर जा. नकार दिला तर हक्क अडकतो. आपल्या डॉक्टरांचं मतही घ्या.
- मालकाला लगेच लेखी कळवा, दावा दोन वर्षांच्या आत करा.

त्या ताईंसोबत पडलेल्या पाहिल्या त्या दोघी आता साक्ष द्यायला तयार आहेत. लढाई अवघड आहे, पण सोडलेली नाही. तुमच्या गावात कुणी कामावर पडलं, तर दवाखान्यात तिला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण सोबत जाऊ द्या.