आठची खूण सात वाजता



मी नर्सिंग शिकवते आणि अधूनमधून वॉर्डांची पाहणीही करते. पाहणीला गेले की खाटेला अडकवलेला चार्ट मी आधी वाचत नाही. "सिस्टर, यांना जरा कुशीवर घ्या," म्हणते आणि माकडहाडाची जागा बघते. मग खुबे, मग टाचा. चार्ट त्यानंतर.

ही सवय एका सकाळी लागली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. रात्रपाळीचं हँडओव्हर व्हायचं होतं. पक्षाघात झालेल्या एका आजोबांच्या चार्टवर 'दर दोन तासांनी कूस बदलली' या रकान्यात १२ खुणा होत्या. रात्रीच्या सगळ्या एकाच पेनाने, एकाच दमात ओढलेल्या. घड्याळात सात वाजले होते आणि आठची खूणही झालेली होती! आजोबांना वळवलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा. बोटाने दाबलं तरी लाली हटेना. बेडसोअर सुरू होतो तो असा.

नर्सिंग चांगलं की वाईट, हे ठरवायचं कशावरून? घरी जाताना पेशंट म्हणतो, "सिस्टर फार प्रेमळ होत्या." ऐकायला छान वाटतं, पण प्रेमळपणाने लाली हटत नाही. चार्टवरून ठरवावं, तर तो असा. अमेरिकेत डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली सांगितलं की, वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन ठिकाणी शोधावी: हाताशी माणसं आणि साधनं काय होती, प्रत्यक्षात केलं काय, आणि पेशंटचं झालं काय. आमच्या चार्टवर फक्त मधली गोष्ट होती, तीही खोटी.

केलं ते योग्य होतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. आमच्या पिढीला बॅक केअर शिकवलं ते स्पिरिट आणि पावडरीसकट. पाठ पुसायची, स्पिरिट चोळायचं, वर पावडर. परीक्षेत त्याला मार्क होते. पेशंटलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. पण इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने म्हाताऱ्या पेशंटांवर केलेला अभ्यास १९६२ सालीच छापून आला होता. लावायची मलमं आणि चोळायची द्रव्यं यांच्यापेक्षा जागेवरचा दाब काढणं, म्हणजे पेशंटला वळवणं, हेच उपयोगी पडतं, असं त्यातून दिसलं. कोणाला धोका जास्त हे ओळखायला तिने पाच गोष्टींचा तक्ताही दिला: प्रकृती, मनाची अवस्था, चालणं, अंग हलवणं आणि लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली की सावध व्हायचं. आता तर लाल झालेली जागा चोळूच नये, असं सांगतात. पण स्पिरिटची बाटली ट्रॉलीवरून उतरायला किती वर्षं लागली, ते मी पाहिलं आहे.

नॉर्टनच्या अभ्यासाच्या सुमारासच लंडनमध्ये आणखी एक मजेदार अभ्यास झाला. म्हातारी माणसं रात्रभरात आपणहून किती वेळा हलतात, ते मोजलं. पन्नासाहून जास्त वेळा हलणाऱ्यांपैकी एकालाही बेडसोअर झाला नाही. वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्यांत दहापैकी नऊ जणांना झाला. तुम्ही-आम्ही झोपेत नकळत कूस बदलतो. आजोबांना ते जमत नाही. त्यांच्या वाटचं ते हलणं सिस्टरने करायचं असतं.

मग दोन तासच का? अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत नऊशेहून अधिक जणांवर हे तपासून पाहिलं, निष्कर्ष २०१३ साली आले. दोन, तीन आणि चार तासांनी वळवलेल्यांत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. हे ऐकून खूश होणाऱ्या सिस्टरना मी लगेच थांबवते. ती सगळी माणसं दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होती. आपल्याकडच्या, मधे खड्डा पडलेल्या रेक्झिनच्या गादीला तो निष्कर्ष लावू नका.

बेडसोअर मोजण्यातही खोच आहे. जखम घरूनच घेऊन आलेला पेशंट वेगळा मोजायचा, वॉर्डात झालेली जखम वेगळी. बाळंतिणींच्या वॉर्डात वर्षभर एकही बेडसोअर नाही, यात कौतुक काय? तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई बाळ घेऊन घरी जाते. मणक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डाशी त्याची तुलना कशी करणार? आणि खरी पाहणी सुरू केली की पहिल्या महिन्यात आकडा वाढतोच, कारण आधी कोणी पाहिलेलंच नसतं. तेव्हा मेट्रनबाईंचा चेहरा उतरतो.

आता त्या रात्रीच्या सिस्टरकडे येऊ. तिला मेमो द्यायचं घाटत होतं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, "मॅडम, दोनदा वळवलं, त्यांचा मुलगा होता मदतीला. मग बारा नंबरचा पेशंट सिरियस झाला." वॉर्डात ४० पेशंट होते आणि रात्रपाळीला ती एकटी.

एका नर्सकडे पेशंट वाढले की काय होतं, यावर अमेरिकेतल्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले सव्वादोन लाखांवर पेशंट. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ७ टक्के म्हणजे शंभरातले सात जण दगावले, असं नव्हे. आधी जेवढी शक्यता होती तिच्यात तेवढी भर. आणि हा हिशोब एका नर्सकडे चार ते आठ पेशंट असण्याचा आहे. चाळिसाचा नाही.

चार्टच्या छापील कागदावरची ती खुणेची जागा आम्ही काढून टाकली. आता तिथे वेळ लिहायची आणि 'उ', 'डा' किंवा 'पा': उजवी, डावी, पाठ. वळवलं नसेल तर जागा कोरी सोडायची, त्यासाठी मेमो नाही. शेजारच्या रकान्यात त्या वेळी वॉर्डात पेशंट किती आणि सिस्टर किती. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन ते पाचच्या जागा ओळीने कोऱ्या आल्या. ते कागद घेऊन मी अधीक्षकांकडे गेले. त्यांनी ते उलटसुलट करून दोनदा पाहिले.

पुढच्या महिन्यापासून त्या वॉर्डाला रात्री दुसरी सिस्टर मिळाली, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारच्या जागा अजून कोऱ्या येतात.