मुका मार

आपल्याकडे ‘मुका मार’ असा एक शब्द आहे. वरून पाहावे तर रक्त नाही, जखम नाही. पण आत ठणका लागलेला असतो. शाळेत काही मुलांना असा मुका मार रोज बसतो आणि त्याचा पत्ता ना घरी लागतो, ना गुरुजींना.

कोणी तोतरे बोलतो म्हणून त्याची नक्कल होते. कोणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यावरून त्याला बोल लावतात. कोणाला जातीवरून, कोणाला रंगावरून एखादे नाव चिकटते, आणि मग त्याचे खरे नाव हजेरीपटापुरतेच उरते. मधल्या सुट्टीत दप्तर लपवणे, खिचडीच्या पंगतीत शेजारी न बसणे, खेळात कधीच न घेणे, यांतली एकेक गोष्ट किरकोळच वाटते. आपण मोठी माणसे म्हणतोही, ‘पोरांची भांडणं, संध्याकाळी एक होतील.’ भांडण असेल तर खरेच होतील. भांडणात दोघे बरोबरीचे असतात. आज हा मारतो, उद्या तो. पण एकच मूल रोज खाली पडत असेल आणि बाकीचे हसत उभे असतील, तर त्याला छळच म्हटले पाहिजे. शाळेच्या वेळीच ज्याचे पोट दुखते आणि रविवारी मात्र दुखत नाही, अशा मुलाकडे जरा नीट पाहावे.

मग ते मूल सांगत का नाही? पुष्कळदा सांगून पाहिलेले असते. वडील म्हणतात, ‘तूही दोन ठेवून द्यायच्या होत्यास.’ गुरुजी त्या दांडगटाला वर्गापुढे उभा करून खडसावतात, आणि त्याचा वचपा शाळा सुटल्यावर वाटेवर निघतो. वर ‘चुगलखोर’ ही पदवी मिळते ती वेगळीच. असे एकदोनदा झाले की मूल गप्प बसते. या गप्प बसण्यावरच दांडगाई पोसली जाते. तेव्हा मुलांना आपले म्हणणे मांडायला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ पाहिजे, आणि ते ऐकले जाईल हा भरवसा पाहिजे.

हे एका माणसाने फार पूर्वी करून पाहिले. पोलंड देशात वॉर्सा शहरी यानुश कोर्चाक नावाचे मुलांचे डॉक्टर होते. १९१२ सालापासून ते तिथे ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवीत. १९३० नंतरच्या काळात ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने ते पोलंडच्या रेडिओवरही बोलत. आश्रमात शंभरेक मुले. थोरली, धाकटी, दांडगी, भित्री. तिथे त्यांनी मुलांचे एक न्यायालय सुरू केले. ज्याला कोणाविरुद्ध तक्रार असेल त्याने फळ्यावर तसे लिहावे. तक्रारी ऐकायला पाच न्यायाधीश, आणि तेही मुलेच. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही, अशा मुलांतून त्यांची नावे चिठ्ठ्या टाकून काढायची.

या न्यायालयाचे कायदे पाहण्यासारखे आहेत. पहिली नव्व्याण्णव कलमे सोडून देण्याची, समजून घेण्याची नि क्षमा करण्याची! त्यानंतर कलमे शंभरा-शंभराने कडक होत जातात, आणि अगदी शेवटचे, हजारावे कलम आश्रमातून काढून टाकण्याचे. कोर्चाक यांचे म्हणणे असे, की चुकलेल्याला सुधारायला वेळ द्यावा; पण दांडग्यांनी गरिबाला छळू नये याची राखणही न्यायालयानेच करावी.

पहिल्या दिवसापासून हे सुरळीत चालले असे मात्र नाही. मुलांनी क्षुल्लक तक्रारींचा पाऊस पाडला, न्यायालयाची टिंगल केली, आणि काही आठवडे ते बंदही ठेवावे लागले. पुन्हा उघडले तेव्हा मोठ्यांवरही तक्रार करण्याचा हक्क मुलांना मिळाला. सहा महिन्यांत स्वतः कोर्चाक पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. एकदा एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. नियम मोठ्यांनाही लागू आहे असे मुलांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजेच तो त्यांना आपला वाटतो.

१९४२ च्या जुलै महिन्यात, नाझींच्या कोंडवाड्यात, या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. ऑगस्टमध्ये त्यांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेले, तेव्हा कोर्चाक सुमारे दोनशे मुलांना न सोडता त्यांच्याबरोबर गेले. पुढे बालहक्कांचा जागतिक करार करावा अशी सूचना १९७८ साली पोलंडनेच मांडली. १९८९ साली तो करार झाला आणि १९९२ साली भारतानेही तो स्वीकारला. मुलाला स्वतःविषयीच्या बाबतीत आपले मत मांडण्याचा हक्क आहे, असे त्याचे बारावे कलम सांगते.

आता आपल्या गावच्या शाळेकडे येऊ. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कित्येक शाळांत विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ असते, तक्रारपेटीही असते. पण मंत्री बहुधा हुशार मुलांतूनच निवडले जातात, आणि पेटीची किल्ली कुठे आहे ते शिपायालाही ठाऊक नसते! नवे काही उभारायला नको. आहे त्यातच जीव ओतला पाहिजे.

शनिवारच्या शाळेत अर्धा तास बाजूला काढा. मुलांना गोल बसवा, गुरुजींनीही त्याच गोलात बसावे. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, हा नियम मुलांकडूनच करून घ्या. ज्याला तोंडाने सांगता येत नाही त्याने चिठ्ठी लिहावी. चिठ्ठीवाल्याचे नाव फुटू देऊ नका, आणि तिचे पुढे काय केले ते त्याला एकट्याला गाठून जरूर सांगा. काम पाहणारी मुले चिठ्ठ्या टाकून निवडा, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही एखादे दिवशी मान मिळेल. शिक्षेपेक्षा ‘हे आता नीट कसे करशील?’ हा प्रश्न आधी विचारा. बघ्यांनाही विचारा, ‘तू तेव्हा हसलास का?’ कारण बघे हसले नाहीत, तर दांडगटाचा निम्मा जोर तिथेच ओसरतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. अंगाशी झालेले गैरवर्तन, गंभीर मारहाण, जातीवरून केलेला अपमान, असल्या बाबी मुलांच्या बैठकीपुढे ठेवायच्या नाहीत. तिथे मोठ्यांनी लागलीच पुढे होऊन कायद्याप्रमाणे वागले पाहिजे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

आणि आईबापांनो, संध्याकाळी पोर घरी आले की ‘किती मार्क पडले?’ हे विचारण्याआधी ‘आज कोणाबरोबर खेळलास?’ एवढे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर घाई करू नका. मुका मार बोलका व्हायला थोडा वेळ लागतोच.