खांदा बघून घेतलेली बॅग

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातली माझी वीस वर्षं’ असा विषय दिला होता. मी त्याऐवजी दुसरा विषय मागून घेतला. आपल्यापैकी सत्तावीस जणांनी प्रत्येकी १,००० रुपये काढले होते, त्याचं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायला हवं. भेटवस्तूची जबाबदारी माझ्याकडे होती, तेव्हा हिशेबही मीच द्यायचा.

भेट कुणासाठी होती ते तुम्हाला माहीत आहे. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मान खाली घालून हसतोय. ‘स्मरणिकेत माझं नाव छापू नका’ असं त्याने बजावलंय, म्हणून या भाषणात तो फक्त ‘आपला मित्र’.

आपली शाळा दुपारची. आपण साडेअकराला आईच्या हातचं जेवून, भांग पाडून यायचो. आपला मित्र पहाटे गोल्फच्या मैदानावर जायचा. खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घ्यायची, त्याच्याबरोबर चालायचं, चेंडू कुठे पडला ते नजरेत ठेवायचं, मागेल ती काठी पुसून हातात द्यायची. या कामाला कॅडी म्हणतात. अठरा होलचा एक राउंड म्हणजे चार-साडेचार तास आणि सातआठ किलोमीटरची चाल. एवढं करून तो बाराच्या घंटेला हजर असायचा. गणिताच्या बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं होतं. आपल्याला वाटायचं, हुशार म्हणून. खरं कारण बाईंनी मला गेल्या महिन्यात सांगितलं: ‘डोळा लागला तर मला पटकन हलवता यावं, बाकीच्यांना कळू नये, म्हणून.’

आज तो त्याच मैदानावर लहान मुलांना खेळ शिकवतो. सकाळी अजूनही एखादा राउंड बॅग उचलतो. सोमवारी मैदान सदस्यांसाठी बंद असतं, तेव्हा कॅडींना खेळायला मिळतं. मग तो स्वतः खेळतो, आणि उत्तम खेळतो. सदस्यांनी वेळोवेळी दिलेले जुने क्लब (गोल्फच्या काठीला क्लबच म्हणतात) जमवून त्याने आपला संच तयार केलाय. पण तो संच न्यायचा कशातून, तर सुतळीने तोंड बांधलेल्या पोत्यातून. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेल्या माणसाकडे स्वतःची बॅग नव्हती. म्हणून आपण बॅग द्यायचं ठरवलं.

ठरवलं खरं, पण कुठली बॅग, यावर आपल्या ग्रुपवर तीन दिवस जे चाललं ते काही जण विसरले नसतील. एकाने टीव्हीवर दिसते तशी भली मोठी, चकचकीत बॅग सुचवली. अमेरिकेतल्या मैत्रिणीने ‘मी इथून आणते’ म्हटलं. कुणी म्हणालं, रोख पाकीट द्या, त्याचं तो बघेल. आणि बहुतेकांना ते गुपित ठेवायचं होतं. आजच्या कार्यक्रमात पडदा बाजूला करायचा आणि टाळ्या!

आमच्या धंद्यात नवीन काम हातात घेतलं की पहिला प्रश्न असतो: हे वापरणार कोण? पैसे देणारा आणि वापरणारा बऱ्याचदा वेगवेगळे असतात. पैसे देणाऱ्याला आवडलेली गोष्ट वापरणाऱ्याला रोज छळू शकते. गोल्फच्या बॅगेचं नेमकं हेच आहे. आपल्याकडे ती विकत घेतो एक आणि उचलतो दुसरा. त्यामुळे दुकानात हारीने मांडलेल्या बॅगा बघताना पहिली नजर रंगावर आणि खिशांवर जाते, पट्ट्यावर जात नाही.

म्हणून मी सांगितलं, गुपित नको. या विषयात आपल्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त कळतं, तर त्यालाच घेऊन दुकानात जाऊ. ‘मग गंमत काय राहिली?’ असं काही जणांनी विचारलं. माझं म्हणणं होतं, गंमत एक दिवसाची, बॅग दहा वर्षांची.

त्या दुपारी दुकानात मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. तुमच्यापैकी कुणाला जावयाला, साहेबांना, नाहीतर निवृत्त होणाऱ्या भावाला अशी भेट द्यायची असेल तर उपयोगी पडेल.

बॅगांचे साधारण तीन प्रकार. टीव्हीवर दिसते ती टूर बॅग. ती रिकामीच साडेचार-पाच किलो भरते. दुसरी कार्ट बॅग, म्हणजे गाडीवर किंवा ढकलगाडीवर बांधून न्यायची. तिला खिसे भरपूर, पण खांद्यावर घ्यायला ती बनवलेलीच नसते. तिसरी स्टँड बॅग. ती दोन-अडीच किलोची, दोन बारीक पाय असलेली. जमिनीवर टेकवली की बूड किंचित दबतं, त्याला जोडलेली दांडी पुढे सरकते आणि पाय आपोआप फाकतात. इंजिनिअर असल्यामुळे मी हे दहा वेळा करून बघितलं. दुकानदार काही बोलला नाही.

आता वजनाचा हिशेब. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये आली. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे, आणि ते सगळं कॅडीच्या खांद्यावर. चौदा क्लबांचे पाच-साडेपाच किलो. एक चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण डझनभर घेतले की अर्ध्या किलोच्या वर. पाण्याची बाटली, टॉवेल, छत्री. हलकी बॅग धरली तरी दहा किलोच्या आसपास जातं. टूर बॅग घेतली तर आणखी दोन-अडीच किलो, आणि मोठी बॅग कुणी रिकामी ठेवत नाही. प्रवासाची सुटकेस भरणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको.

आपल्या मित्राची परीक्षा घेण्याची पद्धत मात्र वेगळी होती. त्याने पोतं बरोबर आणलं होतं. त्यातले क्लब एकेका बॅगेत भरायचे, बॅग खांद्यावर घ्यायची आणि दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारायच्या. मी विचारलं, ‘काय बघतोस?’ तो म्हणाला, ‘अगं, रंग दिसतो, खिसे दिसतात. पट्टा दिसत नाही, तो जाणवतो. तोही तिसऱ्या होलनंतर.’ त्याला दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा, शाळेच्या दप्तरासारखा दुहेरी पट्टा हवा होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलाय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. एकेरी पट्ट्याने, एकाच बाजूला, तीस वर्षं.

मग त्याने आतले कप्पे तपासले. कप्पे वरून खालपर्यंत वेगळे असले की क्लबांच्या मुठी तळाशी एकमेकींत अडकत नाहीत. चेन ओल्या हाताने उघडते का ते बघितलं. तोंडावर पावसाची टोपी नीट बसते का तेही बघितलं, कारण पुण्याच्या जुलैत मुठी भिजल्या की क्लब हातातून निसटतो. आणि शेवटी बॅग फुटपाथच्या उतारावर उभी केली. एक सुंदर बॅग तिथेच आडवी झाली.

निवडलेली बॅग राखाडी आहे. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा दोघांनी ‘साधीच आहे’ असं लिहिलं. साधीच आहे. सव्वादोन किलोची आहे.

हिशेब असा: जमा २७,००० रुपये. बॅग १५,८०० रुपये. उरलेल्यातून काय हवं असं विचारल्यावर त्याने स्वतःसाठी फक्त १,९०० रुपयांची मोठी छत्री घेतली, आणि शिकायला येणाऱ्या कॅडींच्या मुलांसाठी ६,४०० रुपयांची एक लहान बॅग मागितली. मुलांची बॅग त्यांच्या उंचीप्रमाणे घ्यावी लागते. मोठ्यांची दिली तर पोर वाकून चालायला लागतं. ‘माझ्यासारखं’ असं तो म्हणाला नाही. शिल्लक २,९०० रुपये आपल्या शाळेच्या क्रीडा साहित्याला दिले, पावती खजिनदारांकडे आहे.

राहिला नावाचा प्रश्न. बॅगेवर ‘१९९६ बॅचतर्फे सप्रेम भेट’ असं भरतकाम करून घ्यावं, अशी सूचना आली होती. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून देणारे लोक आपण! मी त्यालाच विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘आजवर जी जी बॅग उचलली, तिच्यावर दुसऱ्याचं नाव होतं. हिच्यावर माझं चालेल का?’ तर बाहेर त्याचं नाव आहे, मराठीत. आपल्या बॅचचं आणि शाळेचं नाव आतल्या खिशात आहे. पाकीट आणि किल्ल्या ठेवायच्या खिशात. मला ती जागा जास्त मानाची वाटते.

दोन गोष्टी त्यानेच मला सांगितल्या, त्या आपल्या मुलांना सांगाव्यात अशा आहेत. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा तिची बॅग तिच्या आईच्या, महेश्वरींच्या खांद्यावर होती. आपण चेंडूकडे बघतो, आपला मित्र बॅग उचलणाऱ्याकडे बघतो.

शिक्षकांना एवढंच सांगायचंय की भेट देताना घेणाऱ्याला त्याच्या कामातलं विचारावं, हे मी पुस्तकात वाचलं नाही. पहिल्या बाकावर कुणाला बसवायचं हे ठरवताना बाईंनी तेच केलं होतं.

येत्या सोमवारी सकाळी सहा वाजता तो नव्या बॅगेसह पहिला राउंड खेळणार आहे. आपल्यापैकी चौघं बरोबर चालणार आहोत. बॅग कोण उचलणार यावर ग्रुपवर कृपया चर्चा नको. आम्ही चौघांनीही विचारून झालंय. तो म्हणाला, ‘मीच.’