किल्ली कोणाच्या हाती?



गोदामे व व्यापारी इमारती यांच्या रचनेचा विचार करणाऱ्या या परिषदेचे अध्यक्षपद मला दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घेणे हे अध्यक्षाचे रूढ कर्तव्य खरे. परंतु तो छापील अहवालात आलाच आहे, आणि जी गोष्ट कोणत्याच अहवालात येत नाही म्हणून अनेक वर्षे मनात सलत राहिली, ती बोलून दाखवण्याची संधी पुन्हा मिळेलच असे नाही. ती गोष्ट अशी की, धक्क्याला लागलेली मालमोटार केव्हा हलावी हे ठरवण्याचा अधिकार आपण आजवर नको त्या हाती ठेवला आहे.

काल येथे दिवसभर वाद रंगला तो लेव्हलर हायड्रॉलिक असावा की स्प्रिंगचा, यावर. धक्का साधारण 1.2 मीटर उंच असावा, गाड्यांची उंची त्याहून कमीअधिक असते आणि माल उतरेल तशी ती वाढत जाते, म्हणून मधले अंतर सांधणारी हलती लोखंडी पाटी, म्हणजेच लेव्हलर, हवी, यात दुमत नाही. ती कशाने उचलावी हा प्रश्न मात्र गौण आहे. भिवंडीच्या एका गोदामात उत्तम हायड्रॉलिक लेव्हलर होता. कापडाच्या गाठी उतरत असता, फोर्कलिफ्टची पुढची चाके गाडीत व मागची पाटीवर अशा अवस्थेत, माझ्या डोळ्यांदेखत गाडी चालू झाली. गाडीवर टेकलेली पाटीची जीभ निसटून खाली आदळली, फोर्कलिफ्ट कलंडला आणि तो चालवणाऱ्याचा पाय लोखंडाखाली सापडला. पंचनाम्यात ‘ट्रकचालकाचा निष्काळजीपणा’ एवढे लिहून दप्तर बंद झाले. वस्तुतः त्या चालकाच्या खिशात सहीशिक्क्यानिशी बिल्टी होती, आणि सही करणारा कारकून ज्या केबिनमध्ये बसे, तिला धक्क्याच्या बाजूस खिडकीच नव्हती. हमालांची टोळी गाडीच्या आत आहे की बाहेर, हे दोघांपैकी एकालाही दिसत नव्हते.

‘चाकाखाली उटी लावा, काम भागते,’ असे म्हणणारे मित्र येथे आहेत. दोन टन उचलणारा फोर्कलिफ्ट स्वतः तीन टनांहून अधिक भरतो; तो जसजसा आत शिरून ब्रेक लावतो तसतशी गाडी तसूतसूने धक्क्यापासून सरकते, आणि ते सरकणे उटी निःसंशय रोखते. पण इंजिनाच्या जोरापुढे तिचा भरवसा काय, आणि ती काढणार कोण, तर चालकाचाच क्लीनर! गाडीचा मागचा संरक्षक दांडा पकडून ठेवणारे यांत्रिक आकडेही मिळतात. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांचे ते दांडे वाकलेले असतात, मग आकड्याने धरावे काय?

म्हणून माझे मागणे साधे आहे. गाडी लागताच तिची किल्ली धक्क्यावरच्या खुंटीला जावी, आणि शेवटचा माणूस बाहेर आल्याखेरीज टोळीच्या मुकादमाने ती देऊ नये. हुंडेकरी म्हणतील, खोळंबा होईल. चालक म्हणेल, किल्लीवाचून केबिनमध्ये पंखा चालत नाही. त्याची तक्रार रास्त आहे. त्याला सावली, पाणी व शौचालय असलेली खोली द्या. ज्या टोळीला 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळ व नोंदणी मिळवून दिली, तिच्या मुकादमाला आपली माणसे आत असताना गाडी अडवण्याइतकाही अधिकार मालकाने देऊ नये, आणि दर्शनी संगमरवरावर महिनोन्‌महिने खल करणाऱ्या वास्तुविशारदांनी मागचा धक्का कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडावा, ही बेफिकिरी मला असह्य वाटते.

परिषदेने यासंबंधी एक समिती नेमावी, नियमांचा मसुदा करावा, मुकादमांनाही चर्चेस बोलवावे. तपशील यथावकाश ठरतील. खुंटी ठोकायला मात्र समितीच्या मंजुरीची गरज नाही, आणि येथे बसलेल्या प्रत्येक गोदाममालकाकडे हातोडा आहे.