पतपेढीचें दार



देवळाच्या आवारांत पैशाच्या गोष्टी बोलूं नयेत, अशी कित्येकांची समजूत आहे. आम्हांस ती पटत नाहीं. वसईस १९१८ सालीं मोन्सिनियर मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक लोकांची सहकारी पतपेढी निघाली. तीच आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांदत आहे. त्यापूर्वीं, १९०८ सालीं, अमेरिकेंतील मँचेस्टर गांवच्या कॅनडियन गिरणीकामगारांनींही आपल्या पाद्रीसाहेबांच्या साह्यानें सेंट मेरीच्या पॅरिशमध्यें त्या देशांतील पहिली पतपेढी काढिली होती.

आपल्या वारणेकांठीं सहकाराची ओळख कोणास करून द्यावयास नको. तात्यासाहेब कोरे यांनीं ऊस पिकविणाऱ्यांस एकत्र करून येथें कारखाना उभा केला व माळाचें नगर झालें. परंतु ऊस-उत्पादक सभासद होण्यास शेतांत ऊस हवा. ज्यांस जमीनच नाहीं, अशा मजुरांनीं, शिंप्यांनीं, नर्सबाईंनीं कोठें जावें? त्यांनीं पतसंस्थेचें दार ठोठावावें. मात्र कोणतें दार आपलें, हें आधीं पाहावें. पगारदारांची संस्था त्या त्या नोकरीच्या ठिकाणच्या लोकांपुरती असते. बिगरशेती पतसंस्थेस गांव किंवा तालुका असें कार्यक्षेत्र ठरवून दिलेलें असतें. हें सारें पोटनियमांत लिहिलेलें असतें. तें वाचावयास मागण्यांत संकोच कसला?

पात्रता फार कठीण नाहीं. वय १८ पूर्ण असावें, करार करण्याची कायदेशीर क्षमता असावी, व राहणें किंवा कामधंदा त्या क्षेत्रांत असावा. अर्ज, ओळखीचा व पत्त्याचा दाखला, प्रवेश फी आणि भागाची रक्कम द्यावी. मग संचालक मंडळ सभेंत निर्णय करितें. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा सांगतो कीं, पात्र माणसास पुरेशा कारणावांचून नाकारतां येत नाहीं. अर्ज पोंचल्यापासून तीन महिन्यांत कांहींच कळविलें नाहीं, तर अर्जदार सभासद झाला असें समजावयाचें. नकार आल्यास दोन महिन्यांच्या आंत निबंधकाकडे अपील करितां येतें. म्हणून अर्जाची पोंच घेतल्यावांचून कचेरींतून उठूं नये!

येथें आमच्यांतील एका बंधूची हकीकत सांगणें भाग आहे. एका संस्थेंत थोडी फी भरून तो घरीं आला, व आपण सभासद झालों असें चार वर्षें मानीत राहिला. वार्षिक सभेंत हात वर केला, तेव्हां त्यास कळलें कीं तो केवळ नाममात्र सभासद आहे. त्यास ना मत, ना नफ्यांत वांटा. खऱ्या सभासदास, त्याचे भाग एक असोत कीं शंभर, मत एकच असतें. हा एक मताचा मान त्या बिचाऱ्यानें अजाणतां गमाविला होता. भागाचा दाखला हातीं आहे कीं नाहीं, एवढें जरी त्यानें पाहिलें असतें!

ठेव ठेवणारांनीं आणखी एक ध्यानांत घ्यावें. सहकारी बँकेंतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. पाटी दोघींची सारखीच दिसते, व्याज पतसंस्थेचें कदाचित् अधिक असतें. यास्तव हिशेबतपासणीचा अहवाल पाहावा, थकबाकी किती तें विचारावें, मगच आयुष्याची पुंजी तेथें न्यावी.

आमच्या त्या बंधूनें आतां पूर्ण सभासदत्वासाठीं नवा अर्ज दिला आहे. यावेळीं पोंच त्याच्या खिशांत आहे, व तो दिवस मोजीत आहे.